गाडीचं विचारा : छत उघडणारी गाडी मागच्या सीटवरून बघा

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. रोजच्या वापराला घरात एसयूव्ही आहे ती राहणारच आहे, पण आता दुसरी एक गाडी फक्त मजेसाठी घ्यायची, रविवारी मुलांना घेऊन भटकायला, असं खूप दिवसांपासून मनात आहे. होटगी रोडला एकांची ऑडी ए३ कॅब्रिओलेट, म्हणजे छत उघडणारी, विकायला आहे, २०१५ ची, ४१ हजार किलोमीटर झालेत, लाल गाडी आणि वर काळं कापडी छत, एमएच १३ पासिंग, एकच मालक. १९ लाख म्हणतात. चालवणार मी, मिस्टरांना ड्रायव्हिंगची हौस नाही. मुलगा १३ चा, मुलगी ९ ची, आणि सासूबाई म्हणतात मला पण एकदा बसवा की त्या उघड्या गाडीत. दीर मात्र म्हणतात हे सोलापूर आहे, इथल्या उन्हात छत उघडून कोण बसणार, पैसे पाण्यात जातील. या रविवारी टेस्ट ड्राइव्ह ठरलीय. काय काय बघू आणि घेऊ का नको ते स्पष्ट सांगा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, घ्या. पण मी खाली जे सांगतोय ते सगळं करून, त्यात गाडी पास झाली तरच घ्या, आणि पहिली अट म्हणजे रविवारी एकट्या जाऊ नका, दोन्ही मुलं आणि मिस्टर सोबत पाहिजेत. ही गाडी तुम्ही घरच्यांसाठी घेताय, मग तिची परीक्षा घरच्यांनी घ्यायला नको का, ड्रायव्हरच्या सीटवर बसून तर ही गाडी कोणालाही आवडते, १८० एचपीचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, पाय दाबला की पळते, वर आकाश मोकळं, माणूस पाच मिनिटात हो म्हणून बसतो.

मी असाच हो म्हणून बसलो होतो. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी छत उघडणारी गाडी घेतली, टेस्ट ड्राइव्ह पुण्यात रात्री नऊला, एकट्याने, आणि ती पण पंधरा मिनिटांची. घरी आणल्यावर पहिल्या रविवारी बायको आणि मुलगी मागे बसल्या, तुळजापूर रोडला लागलो आणि मुलीचे केस तिच्याच तोंडावर चाबकासारखे बसायला लागले, ती काहीतरी ओरडून सांगत होती आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. हिप्परग्याच्या तलावाजवळ थांबलो तेव्हा तिचे डोळे लाल झालेले. तेव्हा कळलं की मी मागे एकदासुद्धा बसून बघितलं नव्हतं. आणि पुढं जूनमध्ये पहिला पाऊस पडला तर दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटखालचं कार्पेट पिळून काढण्यासारखं ओलं, छताच्या पाणी जायच्या नळ्यांमध्ये कडुलिंबाची पानं आणि माती घट्ट बसली होती. विकणाऱ्याला ते माहीत होतं, त्याने सांगितलं नाही, आणि सीटखालच्या वायरिंगचा खर्च मला पडला. म्हणून हे सगळं इतकं बैजवार लिहितोय.

आधी वेळेचं बघू. दोनदा जा. एकदा सकाळी सहा-साडेसहाला, सगळ्यांना घेऊन, छत उघडून. आणि एकदा दुपारी दोनला, मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी तासभर उन्हात उभी पाहिजे. दुपारी छत बंद ठेवून एसी चालू करायचा आणि मागच्या सीटवर मुलाला बसवून विचारायचं गार लागतंय का. कापडी छताची गाडी पत्र्याच्या गाडीपेक्षा वेगळी तापते, त्यात काळं छत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा एसी कमजोर असेल तर वर्षातले चार महिने ही गाडी शेडमध्येच राहील. दहा मिनिटात मागे गारवा पोचला तर ठीक. दिरांचं म्हणणं निम्मं खरं आहे, इथं दुपारी छत उघडायचं नाहीच. पण पहाटे सहाचं सोलापूर, दिवाळीपासून ते संक्रांतीच्या गड्डा जत्रेपर्यंतच्या सकाळी, आणि उन्हाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर विजापूर रोडला सुटणारं ते वारं, हे दिरांनी उघड्या गाडीतून अनुभवलेलं नाही. शिवाय आपल्याकडे पाऊस कमी, कोकणात किंवा महाबळेश्वरला अशी गाडी ठेवणं अवघड, इथं उलट सोपं आहे.

आता मागची सीट. या गाडीत मागे फक्त दोन जण बसतात, मध्ये तिसऱ्याला जागाच नाही आणि बेल्टही नाही, म्हणजे गाडी चौघांची, पाचवा माणूस नाही. दारं दोन, पुढची सीट वाकवून मागे शिरायचं. तुमचा मुलगा १३ चा म्हणजे अजून उंच होणार, त्याला बसवा आणि पुढची सीट तुमच्या नेहमीच्या जागेवर ठेवून त्याचे गुडघे कुठे टेकतात ते बघा, पाठ किती सरळ राहते ते बघा, तसंच वीस मिनिटं बसू दे. तुम्ही स्वतःही दहा मिनिटं मागे बसा आणि मालकाला चालवू द्या. सासूबाईंना मागे चढवायच्या भानगडीत पडू नका, त्यांना पुढं बसवा, आणि त्या दिवशी मिस्टरांनी घरी थांबायचं, सकाळच्या प्रहरी अक्कलकोटला नेऊन आणा, त्यांना डोक्याला स्कार्फ बांधायला सांगा म्हणजे पदर उडणार नाही.

वाऱ्याचं एक महत्त्वाचं सांगतो जे विकणारे बोलत नाहीत. अशा गाड्यांना जाळीचा विंड डिफ्लेक्टर येतो, तो लावला की पुढच्या दोघांना वारं कमी लागतं. पण तो बसतो मागच्या सीटवरच, म्हणजे तो लावला की मागे कोणी बसू शकत नाही. मुलं मागे असणार म्हणजे तुम्हाला तो वापरताच येणार नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्ह जाळीशिवाय घ्या, चारही काचा वर करा, छत उघडं, आणि आधी ४०, मग ६०, मग हायवेला ८० ला न्या आणि प्रत्येक वेळी मुलीला नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारा. ती उत्तर देते का ते बघा. माझा अनुभव आहे की ६० पर्यंत मागच्यांना मजा येते, ८० च्या पुढे ते फक्त सहन करतात. म्हणजे तुमच्या घरासाठी ही हायवेची गाडी नाही, ही कंबर तलावाच्या बाजूने, हिप्परग्याला, नान्नजच्या माळरानाकडे आरामात जायची गाडी आहे, आणि पुण्याला जायचं असेल तर छत बंद करा नाहीतर एसयूव्ही काढा.

छत म्हणजे या गाडीचा जीव, इथं घाई करू नका. ए३ चं छत १८ सेकंदात उघडतं आणि ५० किलोमीटरच्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीतही उघडतं-मिटतं. मोबाइलवर सेकंद मोजा. इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, तीन वेळा उघडा आणि तीन वेळा मिटवा, रेडिओ बंद ठेवून. मोटरचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा पाहिजे, मध्येच कण्हल्यासारखा नको, छत एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला नंतर बसतंय असं नको. मग ते अर्धं उघडं असताना थांबवा आणि घड्यांच्या जागी कापड बोटांनी चाचपा, तिथंच ते आधी विरतं. मागची काच कापडाला जिथं चिकटवलेली आहे ती कड पूर्ण फिरून बघा, कोपऱ्यात नख घालून, जुन्या कापडी छतांमध्ये उन्हाने तो चिकटा सुटतो आणि काच दुरुस्त करायची म्हणजे बऱ्याचदा छतच बदला म्हणतात. तुमचा टॉवेलचा धंदा आहे, कापड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तुमच्या बोटांवर विश्वास ठेवा. दारांच्या आणि काचांच्या वरच्या रबरावर बोट फिरवा, बोटाला काळी भुकटी लागली तर रबर उन्हाने मेलंय.

त्यानंतर गाडी धुवायला न्या. खरंच, टेस्ट ड्राइव्हचाच भाग म्हणून कुठल्याही वॉशिंग सेंटरला न्या, दोनशे-तीनशे रुपये तुम्ही द्या, छत बंद, आत तुम्ही एका बाजूला आणि मिस्टर दुसऱ्या बाजूला बसा आणि वरून साध्या पाइपने पाच-सात मिनिटं पाणी सोडायला सांगा, प्रेशर गन कापडाच्या जवळ आणू देऊ नका. काचांच्या वरच्या कोपऱ्यात टिश्यू पेपर धरून बसा. नंतर उतरून पायाखालचं मॅट काढा आणि कार्पेट तळहाताने जोरात दाबा, चारही ठिकाणी, आणि डिकीतलं खालचं झाकण उचलून तिथंही हात घाला. हाताचा वास घेऊन बघा. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर आज कोरडी असली तरी गाडी आधी भिजलेली आहे. सीटच्या रुळांवर गंज दिसला तरी तेच. मालक धुवायला नको म्हणाला तर मग माझ्या मते गाडी बघायचं तिथंच थांबवा.

मग चालवण्याचं. छत नसलं की गाडीची बॉडी थोडी लवते, पत्र्याचं छत जो आधार देतं तो इथं खालून जादा लोखंड घालून दिलेला असतो, आणि जुन्या, आपटलेल्या गाडीत ते लवणं जाणवतं. मुद्दाम खराब रस्ता निवडा, सोलापुरात तो शोधायला लागत नाही, एमआयडीसीतल्या आतल्या रोडवर छत उघडून ३० ने चालवा आणि समोरच्या काचेची चौकट आणि आतला आरसा बघा. थोडा थरथराट चालतो, पण आरशातलं मागचं दिसेनासं होत असेल किंवा डॅशबोर्डमधून खडखड येत असेल तर शंका घ्या. एक सोपी परीक्षा अजून आहे, एखाद्या दुकानाच्या उतारावर फक्त एक पुढचं चाक चढवून गाडी तिरकी उभी करा आणि दोन्ही दारं उघडून बंद करा, नेहमीसारखी लागली पाहिजेत. चौघं बसलेले असताना तुमच्या गल्लीतला सर्वात उंच स्पीड ब्रेकर पार करा, खाली घासली तर रोज घासणार आहे. गिअर ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे, सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं चालवा, थांबून-थांबून, निघताना झटका किंवा थरथर आली तर क्लचचा खर्च मोठा असतो आणि तो किमतीतून वजा झालाच पाहिजे. टायरवर चार आकडी तारीख असते, २२१९ म्हणजे २०१९ चा २२ वा आठवडा, २०१५ च्या गाडीला ४१ हजारात पहिलेच टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदलायचेच आहेत असं धरा. पेट्रोलचंही विचारा, पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या आधीची आहे, मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते वाचा आणि गाडी महिनाभर टाकी अर्धी ठेवून उभी करू नका.

मुलांसाठी एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका, उघड्या गाडीत कोणी उभं राहणार नाही, लग्नाच्या वरातीसारखं सीटच्या पाठीवर बसणार नाही, मित्र-मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १ हजाराचा दंड आहे, पण मी दंडासाठी सांगत नाही. गाडी उलटायला लागली तर मागच्या सीटच्या पाठीमागून आपोआप वर येणारे दांडे या गाडीत आहेत आणि ते बेल्ट लावून बसलेल्या माणसालाच वाचवतात. मागचे दोन्ही बेल्ट पूर्ण ओढून झटका देऊन बघा, अडकले पाहिजेत. मुलगी ९ ची आहे, बेल्ट तिच्या गळ्यावर येत असेल तर बूस्टर सीट घ्या. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे, लागतच नसेल तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

१९ लाखांबद्दल. ही गाडी डिसेंबर २०१४ ला भारतात आली तेव्हा शोरूमला ४४ लाख ७५ हजार होती, त्यामुळे १९ ऐकायला स्वस्त वाटतं, पण सुटे भाग आजही ४५ लाखांच्या गाडीचेच लागतात. सोलापुरात कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, पुण्याला न्यावी लागेल, २५० किलोमीटर, आणि बंद पडली तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे उचलून नेणाऱ्या ट्रकवरच जाईल. म्हणून सौदा व्हायच्या आधी मालकाच्या संमतीने पुण्यात कंपनीच्या वर्कशॉपला पूर्ण तपासणी करून घ्या, स्कॅनर लावून आणि गाडी वर उचलून, त्याचे पैसे तुम्ही द्या. आणि दीड-दोन लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. ते ठेवणं जड जात असेल तर गाडी एक वर्ष पुढं ढकला. ते जमत असेल, कार्पेट कोरडं निघालं आणि मुलीने ६० च्या स्पीडला तुम्हाला उत्तर दिलं तर मी १७ पासून बोलायला सुरुवात करेन.

माझ्या त्या गाडीचं पुढं काय झालं ते पण सांगतो. नळ्या साफ केल्या, मुलीला एक टोपी आणि चष्मा घेतला, आणि कोजागिरीला रात्री अकरा वाजता बार्शी रोडला नान्नजच्या पुढं जाऊन रस्त्याकडेला मोकळ्या जागेत गाडी उभी केली. थर्मासमध्ये मसाला दूध होतं. मुलगी मागच्या सीटवर मान टाकून वर बघत होती आणि बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, मग ती म्हणाली बाबा, इथून चंद्र सरकताना दिसतो. ती गाडी विकून आता तीन वर्षं झाली, अजून घरात कोजागिरीला तिचा विषय निघतो. म्हणून मी तुम्हाला वर पहिल्याच वाक्यात घ्या म्हणालो.

प्रश्न : माझं बजेट ९ लाख आहे, त्यात बटणाने छत उघडणारी कन्व्हर्टिबल बसत नाही, पण सेकंड हँड महिंद्रा थार सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताची, बसते. त्यात तीच मजा मिळेल का? घरी आम्ही तिघं.
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : मिळेल, जरा वेगळी. २ ऑक्टोबर २०२० ला जी नवीन थार आली त्यात चार सीटची सॉफ्ट टॉपही होती, मागच्या सीटा समोर तोंड करून. छत मात्र बटणाने उघडत नाही, उतरून हाताने सोडायचं, गुंडाळायचं. टेस्ट ड्राइव्हला हेच काम स्वतः करून बघा, मालकाला करू देऊ नका, आणि पूर्ण बंद करून परत चेन लावा. तुम्हाला एकट्याला किती मिनिटं लागतात त्यावर ठरेल की तुम्ही ते रविवारी खरंच उघडणार का दोन महिन्यात कंटाळून कायमचं बंद ठेवणार. आतमध्ये लोखंडी रोल केज आहे ही चांगली गोष्ट, गाडी उंच आहे म्हणून स्पीड ब्रेकरची काळजी नाही, आणि सर्व्हिस सोलापुरातच होते, हा मोठा फरक आहे. वाईट बाजू म्हणजे छत बंद असताना हायवेला आवाज खूप, आणि आपल्याकडचा फुफाटा चेनमधून आत येतो. गाडी घ्यायच्या आधी सगळ्या चेन उघडून बघा, दाते धुळीने झिजलेले असतात, आणि प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडल्यात का, रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्यातून कसा दिसतो ते अंधारात बघा. जादा लाइट, हॉर्न, मोठे टायर लावलेली गाडी नको, वायरिंग कापलेलं असतं.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१७ ची मिनी कूपर कन्व्हर्टिबल इथल्यापेक्षा चार लाख स्वस्त मिळतेय. एजंट म्हणतो कागदपत्रं तो करेल. घेऊ का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चार लाख खरंच वाचतायत का ते आधी काढा. दिल्लीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८, त्याशिवाय एक रुपया देऊ नका. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर फॉर्म २७ भरून इथला एमएच १३ नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो, आणि ही गाडी इम्पोर्टेड आहे, इम्पोर्टेड गाडीचा दर आपल्याकडे साध्या गाडीपेक्षा जास्त आहे. तो आकडा एजंटच्या तोंडून नको, गाडीची आरसी आणि मूळ बिल घेऊन आपल्या आरटीओत स्वतः जा आणि विचारा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, बँकेचं कर्ज असेल तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५, आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून चलन आणि कर्ज बाकी आहे का ते तुम्हीच बघा. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस असतात, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम वाढीव धरा.

गाडीचं म्हणाल तर वर पहिल्या ताईंना जे लिहिलंय ते सगळं लागू आहे, फक्त मिनीचं छत चालत्या गाडीत ३० पर्यंतच उघडतं आणि मागची जागा ए३ पेक्षा अजून कमी आहे. डिकी छत बंद असताना २१५ लिटर आणि उघडं असताना १६०, चौघांच्या दोन दिवसांच्या बॅगा मावत नाहीत. दिल्लीला जाऊन बघणार असाल तर बायको-मुलांची तिकिटं पण काढा. फोटो आणि व्हिडिओ बघून टोकन पाठवू नका, कार्पेट दाबून बघायला तळहात तिथं पोचावा लागतो.